समोरचा संघ जोखताना

कर्जतहून निघालेली लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी असे थांबे घेत खोपोलीला पोचते. पुढे रूळ नाहीत, घाट आहे. हा फाटा १८५६ सालचा. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा होईपर्यंत पुण्याकडे निघालेले प्रवासी इथे उतरून घाट चढत असत. आज या गाडीत कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतली कॉलेजची मुलंमुली असतात. खोपोलीला नगरपरिषदेचं के.एम.सी. महाविद्यालय आहे, कर्जतला कोकण ज्ञानपीठाचं. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी जोडलेली. मधल्या एखाद्या गावातले दोन चुलतभाऊ एकाच फलाटावर उभे राहून उलट दिशांच्या गाड्या पकडतात, आणि आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत समोरासमोर येतात.

जगात इतर ठिकाणी कॉलेजांमधलं हाडवैर फुटबॉलच्या मैदानावर दिसतं. आपल्या या पट्ट्यात ते कबड्डीत दिसतं. भातकापणी आणि झोडणी उरकली की मोकळ्या शेतात मैदान तयार होतं, फक्कीनं रेषा ओढल्या जातात, दिवे लागतात आणि रात्र रात्र सामने चालतात. त्यामुळे खालापूरच्या पोरांना कर्जतची पोरं लहानपणापासून माहीत असतात. कुणाचा मामा त्या गावचा, कुणाची बहीण तिथे दिलेली. सामना ठरला की पहिलं वाक्य हेच येतं : "अरे, त्यांना काय बघायचं? सगळे ओळखीचे आहेत."

ही ओळखच बऱ्याचदा आड येते. दोन वर्षांपूर्वी गावच्या स्पर्धेत पाहिलेला मुलगा आपल्या डोक्यात तसाच राहतो. मधल्या काळात त्याचं वजन वाढलेलं असतं, गुडघा दुखावून बरा झालेला असतो, नवा प्रशिक्षक मिळालेला असतो. दुसरं असं, की ओळखीचा अंदाज नेहमी एखाद्या नावावर येऊन थांबतो. "त्यांचा तो उंच पोरगा डेंजर आहे, त्याला धरला की झालं." तो कशामुळे डेंजर आहे, कुठून चढाई करतो, समोर किती जण असताना गुण आणतो आणि किती असताना रिकामा परततो, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही.

या प्रकरणात मला एकच गोष्ट सांगायची आहे. कोणत्याही संघाचं बळ सुटं, सर्वकाळ सारखं नसतं. ते जागेला, संख्येला आणि वेळेला बांधलेलं असतं. ते कुठे चालतं आणि कुठे चालत नाही हे शोधणं म्हणजे प्रतिस्पर्धी जोखणं.

आधी मैदान डोळ्यांसमोर आणू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेनं त्याचे साडेसहा मीटरचे दोन भाग पडतात. दोन्ही कडांना एकेक मीटरची लॉबी, जिथे झटापट सुरू होईपर्यंत पाय टाकता येत नाही. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, जी चढाईपटूला ओलांडावीच लागते. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस रेषेपासून मागच्या अंतिम रेषेपर्यंत उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. बचावाचे सात जण बोनस रेषेमागे सरकले की त्यांना एवढीच जागा असते. चढाईला ३० सेकंद. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली तरी चाळीस मिनिटांत ऐंशी चढाया होतात, दोन्ही संघांच्या वाट्याला चाळीस-चाळीस. इतक्या कमी जागेत आणि इतक्या कमी वेळात घडणारा खेळ वहीत उतरवता येतो. कबड्डीचं हे मोठं भाग्य आहे, आणि आपण त्याचा पुरेसा फायदा घेत नाही.

बघायला बसलेल्या माणसानं पहिल्यांदा झटापटीवरची नजर काढून घ्यावी. प्रेक्षक पकड बघतात. आपण पकडीच्या आधीची तीन पावलं बघायची. चढाईपटू कोणत्या बाजूनं आत येतो, पहिला रोख कोणत्या कोपऱ्याकडे असतो, बोनससाठी कोणता पाय टाकतो, हात लावण्यापूर्वी खांदा पाडतो का, आणि परत फिरताना कोणत्या बाजूनं वळतो. यातली परतीची सवय सगळ्यात टिकाऊ असते. आत जाताना खेळाडू विचार करतो, बाहेर पळताना शरीराला सवयीचं तेच करतो. म्हणून ज्याचा चवडा कुणाला सापडत नाही, असा चढाईपटूसुद्धा वळतानाच्या त्या एका क्षणी सापडू शकतो.

बचावाकडे बघताना उलट करायचं. पहिल्यांदा झडप घालणारा सगळ्यांना दिसतो, टाळ्या त्यालाच मिळतात. आपण दुसरा माणूस बघायचा. डाव्या कोपऱ्यानं चवडा पकडला, तर शेजारचा कव्हर किती वेळात चढाईपटूच्या कमरेवर येतो? तो वेळेवर आला तर पकड पूर्ण होते. अर्धा क्षण उशिरा आला तर दणकट चढाईपटू कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेवर हात टेकवतो आणि गुण आपला होतो. एका कोपऱ्याची ताकद म्हणून जी सांगितली जाते ती पुष्कळदा दोघांची मिळून असते. त्या कव्हरला बाद करून बाहेर बसवलं की कोपराही निम्मा होतो. हे ज्याच्या लक्षात आलं तो चढाईपटू कोपऱ्याच्या वाटेला न जाता आधी कव्हर टिपतो.

यापुढचा भाग संख्येचा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळतो. पाच झाले की बोनस बंद, आणि बोनसवर जगणारा चढाईपटू एकदम साधा वाटायला लागतो. तीन किंवा त्याहून कमी उरले की चित्र पुन्हा उलटतं. तेव्हा झालेली पकड ही अव्वल पकड असते, तिचे दोन गुण. काही संघ सातजण असताना ढिसाळ खेळतात आणि तीन उरले की पेटून उठतात. काहींचं उलटं असतं : भरल्या मैदानात साखळी करून सुरेख खेळणारे तिघे उरल्यावर एकमेकांकडे बघत बसतात. म्हणून वहीत एका पानाचे तीन रकाने करावेत. सात-सहा, पाच-चार, तीन आणि खाली. प्रत्येक चढाई त्या त्या रकान्यात टाकावी. सामना संपेपर्यंत एकाच संघाचे तीन वेगळे स्वभाव कागदावर दिसू लागतात.

मग तिसरी चढाई, मुलांच्या भाषेत थर्ड रेड. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. इथे प्रशिक्षक कुणाला पाठवतो, यात त्या संघाचा खरा विश्वास कुणावर आहे ते उघड होतं. कधी कधी ज्याचं नाव फलकावर मोठं असतं तो या वेळी मागे राहतो आणि एखादा लहानखुरा, गप्प मुलगा पुढे होतो. त्याचं नाव वहीत ठळक लिहावं.

आणि कबड्डीचं एक वैशिष्ट्य आहे, ज्याच्याकडे मी सगळ्यात जास्त वेळ बघत बसतो. इथे बाद झालेला खेळाडू संपत नाही. आपल्या संघानं समोरचा एक बाद केला की आपला एक जण आत येतो, आणि ज्या क्रमानं बाहेर गेले त्याच क्रमानं परत येतात. समजा त्यांचा मुख्य चढाईपटू तिसरा बाद झाला. तो आत यायचा तर आधी दोघांना जागा मिळायला हवी, म्हणजे त्यांनी आपले तीन जण बाद करायला हवेत, तेही त्याच्यावाचून. या मधल्या काळात तो संघ काय करतो? दुसरा चढाईपटू धाडस करतो की वेळ काढतो? बचाव गुण मिळवून त्याला आत आणतो का? एका खेळाडूवर उभ्या असलेल्या संघाचं सगळं गणित या तीन-चार मिनिटांत उघडं पडतं. त्यांचा हुकमी खेळाडू गुण घेत असताना त्यांच्याबद्दल फार थोडं कळतं. तो कडेला बसलेला असताना पुष्कळ कळतं.

प्रतिस्पर्ध्याचं बळ जागेला बांधलेलं असतं, याचा सगळ्यात मोठा धडा याच खालापूर तालुक्यात दिला गेला. खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळलं की चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला इथे शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान सापडला. शाहिस्तेखानाचा तळ पुण्यात होता, आदल्या वर्षी चाकणचा किल्ला त्यानं घेतला होता, आणि आता कोकण घ्यायचं म्हणून कारतलबखानाला घाट उतरायला पाठवलं होतं. त्याच्याकडे माणसं मुबलक, घोडदळ, बंदुका, सामानसुमान, शिवाय माहूरकडची रायबागन हिच्यासारखी दख्खन जाणणारी लढवय्यी. उघड्या मैदानात हे सैन्य गाठणं शिवाजी महाराजांना परवडणारं नव्हतं, आणि ते त्यांना पुरतं माहीत होतं.

त्यांनी केलेला विचार माझ्या मते असा होता : हे बळ कशावर उभं आहे? मोठं सैन्य पसरायला जागा असेल तर मोठं. खिंडीत ते एका ओळीत येतं. पुढच्यावर काय चाललंय ते मागच्याला दिसत नाही, घोडा वळवता येत नाही, आणि माणसं जितकी जास्त तितकी पाण्याची तहान जास्त. म्हणून महाराजांनी खानाला घाट उतरू दिला, अडवलं नाही. दाट रानात माणसं पेरून ठेवली, पुढची वाट आणि मागची वाट दोन्ही धरून ठेवल्या. खान आत आला तेव्हा त्याची संख्याच त्याच्यावर उलटली. परमानंदाच्या 'शिवभारता'त या प्रसंगाचं वर्णन आहे, आणि खानाला शरण जायचा शहाणपणा सांगणारी रायबागन त्यात ठसठशीत उभी आहे. खानानं सामान आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली.

यात दुसऱ्या बाजूनंही शिकण्यासारखं आहे. कारतलबखानानं वाट निवडताना स्वतःचं बळ मोजलं होतं, ते त्या वाटेवर चालेल का हे मोजलं नव्हतं. आपल्या संघाबाबतीत आपण हेच करतो. आपले चढाईपटू भारी आहेत म्हणून निर्धास्त राहतो, पण समोरच्यांचा उजवा कोपरा नेमका आपल्या चढाईपटूच्या आवडत्या बाजूला उभा आहे, हे सामना सुरू झाल्यावर कळतं. जोखायला बसलात तर दोन्ही संघ एकाच कागदावर मांडायला हवेत. त्यांचं बळ आपल्या कोणत्या जागेवर येऊन आदळणार आहे, हा प्रश्न त्यांच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा आहे.

आकड्यांवरून एक इशारा देतो. तुम्ही एखाद्या चढाईपटूच्या पाच चढाया पाहिल्या आणि त्यातल्या चार यशस्वी झाल्या. तुम्ही लिहिलं : ऐंशी टक्के, अतिशय धोकादायक. पण जो मुलगा मुळात दोनपैकी एका चढाईत गुण आणतो, म्हणजे पन्नास टक्क्यांचा आहे, तोही पाचपैकी चार किंवा पाच चढाया निव्वळ योगायोगानं जिंकू शकतो. गणित सोपं आहे. पाच चढायांचे यश-अपयशाचे एकूण ३२ क्रम होतात, त्यांतल्या ६ क्रमांत चार किंवा अधिक यशं आहेत. म्हणजे जवळजवळ एकोणीस टक्के. अशी पाच मुलं पाहिली तर त्यातलं एखादं तुम्हाला फसवण्याचीच शक्यता जास्त. उलटंही खरं आहे : चांगला चढाईपटू एका संध्याकाळी पाचही वेळा पकडला जाऊ शकतो, आणि तेवढ्यावरून त्याला हलकं धरणं महागात पडतं. एका सामन्यावरून टक्केवारी ठरवू नये. सवयी मात्र ठरवता येतात, कारण सवय गुण मिळो न मिळो, प्रत्येक चढाईत दिसते. तो दहापैकी नऊ वेळा उजवीकडून आत आला असेल, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. म्हणून निकाल कमी लिहा, सवयी जास्त लिहा.

आता मातीचं आणि मॅटचं. गावोगावच्या स्पर्धा मातीवर होतात, वरच्या पातळीचे सामने मॅटवर. मातीवर अनवाणी पायाला पकड मिळते, माती सरकते तसा पायही सरकतो, आणि अंगावर पडताना माती थोडं झेलते. मॅटवर बूट घालून खेळताना पाय जागच्या जागी धरला जातो, वळणं तीक्ष्ण होतात, सूर मारून मध्यरेषा गाठणं जास्त जमतं. मातीवर मांडी धरून जागच्या जागी चढाईपटूला रोखणारा दणकट बचावपटू मॅटवर एक पाऊल मागे पडू शकतो. त्यामुळे समोरच्या संघाचा सामना तुम्ही मातीवर पाहिला असेल आणि तुमची गाठ मॅटवर पडणार असेल, तर वहीच्या वरच्या कोपऱ्यात ते लिहून ठेवा. आमच्याकडे यात पावसाचाही भाग आहे. बोरघाटाच्या पायथ्याशी पाऊस असा कोसळतो, की जून ते सप्टेंबर उघड्यावरचा सराव जवळपास थांबतो. ज्या कॉलेजाकडे छपराखाली मॅट टाकायला जागा आहे तो संघ पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सामन्यांत दमात पुढे असतो. दुसऱ्या डावाची शेवटची दहा मिनिटं बघावीत. तिथे 'कबड्डी कबड्डी'चा आवाज बारीक होतो, चढाईपटू निदान रेषा ओलांडून लगेच माघारी वळतात. हे तालमीचं मोजमाप आहे, आणि ते लपवता येत नाही.

हीच पद्धत अमेरिकेतल्या कॉलेजांनी फुटबॉलमध्ये फार पुढे नेली आहे. तिथला फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा, हातात चेंडू घेऊन धावण्याचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. ओहायो स्टेट आणि मिशिगन या विद्यापीठांचा दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस होणारा सामना म्हणजे तिथलं खानदानी वैर. प्रशिक्षक प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत तुकड्या-तुकड्यांत वेगळी करतात : तिसरा प्रयत्न असून आठ यार्ड बाकी असताना हा संघ काय करतो, दोनच बाकी असताना काय करतो. आपल्या तिसऱ्या चढाईचाच हा प्रश्न आहे. तिथे पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना मैदानात जाऊन हेरण्यावर १९९४ पासून बंदी आहे. २०२३ साली मिशिगनच्या एका कर्मचाऱ्यावर तसं केल्याचा आरोप झाला, त्यांचे मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांना मोसमातल्या शेवटच्या तीन साखळी सामन्यांत संघाबरोबर मैदानात उतरता आलं नाही. तरीही मिशिगननं ओहायो स्टेटला ३०-२४ असं हरवलं. आपल्याकडे उघड्या स्पर्धेत, सगळ्यांदेखत बसून वही भरण्यात काही वावगं नाही. दुसऱ्याच्या सरावात चोरून डोकावणं मात्र करू नये. त्यातून मिळणारी माहिती थोडी असते आणि मुलांच्या मनावर होणारा परिणाम वाईट असतो.

जोखण्याचं सामर्थ्य किती, हे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दिसलं. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली, तेव्हापासून पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण भारताचं होतं. महिलांची स्पर्धा २०१० साली सुरू झाली, तिथेही २०१० आणि २०१४ ची दोन्ही सुवर्णपदकं भारताकडेच होती. जकार्तात पुरुषांच्या उपांत्य सामन्यात इराणनं भारताला २७-१८ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवलं. त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

हे मराठी वाचकाला सांगताना मला अभिमान वाटतो, आणि थोडी हळहळही वाटते, कारण समोरच्या भारतीय संघात आपल्याच सोनाली शिंगटे आणि सायली केरिपाळे होत्या. शैलजाताईंनी आयुष्य महाराष्ट्रातल्या मैदानांवर मुली घडवण्यात घालवलं होतं. इराणमध्ये गेल्यावर त्यांनी फारसी शिकून घेतली, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवला. भारतीय मुली कशा शिकतात, त्यांच्या पायांना कोणत्या सवयी लागतात, दडपणाखाली त्या कशाकडे वळतात, हे त्यांना कुठल्याही चित्रफितीतून शोधावं लागलं नाही. ज्या मातीत त्या सवयी रुजतात तिथेच त्यांचं आयुष्य गेलं होतं. समोरच्याला आतून ओळखणारा माणूस मिळाला की तीन गुणांचा फरक पडतो, आणि तीन गुणांत सुवर्णपदक जातं.

पुरुषांच्या बाजूनंही हेच घडलं होतं, फक्त रस्ता वेगळा. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि परदेशी खेळाडू आपल्या संघांत येऊन राहू लागले. इराणचा फाझल अत्राचली २०१५ साली यू मुंबाकडून खेळला. कोरियाचा जांग कुन ली बंगालकडून खेळायचा. हे लोक भारतीय चढाईपटूंबरोबर सरावात उतरले, त्यांच्या चवड्यांवर रोज झेपावले, त्यांच्या चुका आणि खुब्या जवळून पाहिल्या. २०१६ च्या अहमदाबाद विश्वचषकात पहिल्याच सामन्यात कोरियानं भारताला ३४-३२ असा धक्का दिला. जकार्तात गटात पुन्हा २४-२३. विश्वचषक शेवटी भारतानंच जिंकला, अंतिम सामन्यात मध्यंतराला पिछाडीवर असूनही इराणला ३८-२९ असं नमवून. पण त्या स्पर्धेतला पहिल्या दिवसाचा इशारा दोन वर्षांनी खरा ठरला. ते आपल्याला शिकत होते, आपण मात्र त्यांना पूर्वीच्याच मापानं मोजत होतो.

लोकलमधल्या आपल्या मुलांना हे लांबचं वाटेल. वाटू नये. गावच्या संघात शेजारी-शेजारी उभे राहून खेळलेले दोघे कॉलेजच्या सामन्यात समोरासमोर येतात, तेव्हा दोघांकडेही तीच माहिती असते जी जकार्तात इराणकडे होती. ती नुसती मनात ठेवतो की मांडून वापरतो, एवढाच प्रश्न आहे.

माहिती गोळा करणं निम्मं काम. ती मुलांपर्यंत पोचवणं उरलेलं निम्मं, आणि बरेच चांगले जाणकार इथे कमी पडतात. पानंच्या पानं भरलेली वही सामन्याच्या आदल्या संध्याकाळी वाचून दाखवली, तर मुलं घाबरतात किंवा कंटाळतात. मैदानात तीस सेकंदांत कुणाला काय काय आठवणार? प्रत्येक खेळाडूला त्याच्या जागेपुरतं एकच सांगावं. डाव्या कोपऱ्याला : हा मुलगा परत जाताना तुझ्याकडे पाठ करतो, तेव्हा चवडा काढ, आधी नाही. मुख्य चढाईपटूला : समोर पाच उरले की घाई करू नकोस, त्यांचा कव्हर पुढे सरकतो तोवर थांब. कर्णधाराला : त्यांचा हुकमी खेळाडू बाहेर असताना वेळ घालवू नकोस, त्याच तीन-चार मिनिटांत लोण चढव, म्हणजे त्यांचा सगळा संघ बाद कर. लोणाचे दोन जादा गुण अशा वेळी मिळाले तर सामना फिरतो. आणि हे सांगताना आवाज शांत ठेवावा. "ते फार भारी आहेत" आणि "ते काहीच नाहीत" या दोन्ही वाक्यांनी नुकसानच होतं, कारण दोन्ही ऐकल्यावर मुलगा समोर बघायचं थांबवतो.

सामना सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं पुन्हा बघण्याची. समोरच्यांनीही आपल्याला पाहिलेलं असतं. त्यांनी चढाईपटूंचा क्रम बदलला असेल, उजवा कोपरा डावीकडे आणला असेल. वहीतलं आणि मैदानातलं जुळत नसेल तर मैदानाचं ऐकावं. बाकावर बसलेल्या पाच राखीव खेळाडूंपैकी एकाला हेच काम द्यावं. राखीव मुलगा नुसता टाळ्या वाजवत बसण्याऐवजी त्याच्याकडे कागद असला, तर तो सामन्यात राहतो आणि पुढच्या वर्षी मैदानात उतरतो तेव्हा तयार असतो.

मुलींच्या सामन्यांबद्दल वेगळं लिहावंसं वाटतं. त्यांचं मैदान १२ बाय ८ मीटर, निदान रेषा तीन मीटरवर, डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे. मापं बदलली की अंतरं बदलतात, पुरुषांच्या सामन्यांवरून काढलेले आडाखे तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. गावच्या रात्रीच्या सामन्यांचं प्रक्षेपण आता मोबाईलवर दिसतं, त्यातही पुरुषांचे सामनेच जास्त. मुलींचा संघ जोखायचा तर आपण स्वतः जाऊन बसल्याशिवाय पर्याय नाही, आणि ज्या प्रशिक्षकाला हे कष्ट घ्यायचे असतील त्याच्या मुली पहिल्या सामन्यापासून पुढे राहतील.

म्हणून कर्जत आणि खालापूरमधल्या शाळा-कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती आहे. सामना संपला की गुणपत्रिका निकालापुरती वापरून टाकून देऊ नका. तिच्यावर कोण कधी बाद झाला, कोण कधी परत आला, लोण केव्हा चढला हे सगळं क्रमानं लिहिलेलं असतं. तिच्या मागच्या बाजूला दोन ओळी स्वतःच्या निरीक्षणाच्या लिहा, तारीख घाला आणि एका फाईलमध्ये लावा. आपल्या संघाच्या लावा, समोरच्या संघाच्या मिळतील तेवढ्या लावा, मुलींच्या आधी लावा. ही फाईल पुढच्या मोसमात येणाऱ्या नव्या मुलांच्या हातात द्या.